साइनची श्रेणी आणि ‘आपले पूर्वज’

न्यूटनच्या अडीचशे वर्षे आधी केरळात कॅल्क्युलसचा शोध लागला होता, असे सांगणारे संदेश गेली काही वर्षे सगळीकडे फिरत आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ‘भारतीय ज्ञान प्रणाली’ हा विषय महाविद्यालयात आल्यापासून तर हे वाक्य वर्गातही ऐकू येते. त्यावर आपल्याकडे दोन ठरावीक प्रतिक्रिया उमटतात. एक बाजू लगेच छाती फुगवते. दुसरी, म्हणजे आपल्या चळवळीतलीच बरीच मंडळी, पुष्पक विमान आणि गणपतीच्या प्लास्टिक सर्जरीच्या रांगेत हेही नेऊन बसवते आणि हसून सोडून देते.

आम्हाला दोन्ही मान्य नाही. विमानाची गोष्ट थाप आहे, साइनच्या श्रेणीची गोष्ट खरी आहे. ती तपासायला कोणाच्या श्रद्धेची गरज नाही, आकडेमोड पुरते. आणि ती खरी आहे म्हणूनच तिच्याबद्दल एक अडचणीचा प्रश्न विचारता येतो. ‘आपल्या पूर्वजांनी’ हा शोध लावला असे म्हणताना त्या ‘आपल्या’मध्ये नेमके कोण कोण धरले आहे?

पण आधी गणित. ते न समजून घेता जातीवर बोलणे हा आळस आहे, आणि तो आळस आम्ही करणार नाही.

केरळातल्या त्रिशूर जिल्ह्यात इरिंजालक्कुडा नावाचे गाव आहे. संगमग्राम म्हणून ज्याचा उल्लेख येतो ते हेच असे अभ्यासक मानतात. तिथे साधारण १३४० ते १४२५ या काळात माधव नावाचा ज्योतिर्विद होऊन गेला. त्याच्या नावावर पुढच्या पिढ्यांनी एक कृती सांगितली आहे. ती संस्कृत श्लोकात आहे. त्यात समीकरण नाही, बरोबरचे चिन्ह नाही, ‘क्ष’ नाही. सोप्या मराठीत ती अशी सांगता येईल. वर्तुळाचा एक कंस घ्या. त्याला त्या कंसाच्याच वर्गाने गुणा. मग २ चा वर्ग अधिक २ या संख्येने आणि त्रिज्येच्या वर्गाने भागा. आलेल्या उत्तराला पुन्हा कंसाच्या वर्गाने गुणा आणि ४ चा वर्ग अधिक ४ ने व त्रिज्येच्या वर्गाने भागा. पुढे ६ चा वर्ग अधिक ६. असे करत चला, उत्तरे एकाखाली एक मांडा, आणि सगळ्यात खालच्यापासून सुरुवात करून प्रत्येक संख्या तिच्या वरच्या संख्येतून वजा करत वर या. शेवटी कंसाच्या आकड्यातून वजाबाकी केली की ज्या मिळते. ज्या म्हणजे आपण शाळेत शिकतो ते साइन, त्रिज्येने गुणलेले.

आता बारावीच्या पुढे गणित घेतलेल्या कोणाही विद्यार्थ्याने हे भाजक लिहून पाहावेत. २ चा वर्ग ४, त्यात २ मिळवले की ६. ४ चा वर्ग १६, त्यात ४ मिळवले की २०. ६ चा वर्ग ३६, त्यात ६ मिळवले की ४२. भाजक एकावर एक चढत जातात. पहिला ६, दुसरा ६ गुणिले २० म्हणजे १२०, तिसरा १२० गुणिले ४२ म्हणजे ५०४०. हे ३, ५ आणि ७ या संख्यांचे क्रमगुणित आहेत. ३ गुणिले २ गुणिले १ बरोबर ६, आणि ५ पासून खाली १ पर्यंत गुणत आलो की १२०. पदे फक्त विषम घातांची आहेत: कंस, त्याचा घन, पाचवा घात, सातवा घात. चिन्हे आलटून पालटून वजा आणि अधिक. घातश्रेणी पाहून फलन ओळखण्याची जी खूण पदवीच्या वर्गात शिकवतात ती हीच. विषम घात, क्रमगुणिताचे भाजक, आलटती चिन्हे दिसली की समोर साइन आहे. कोसाइनसाठीही त्याच परंपरेत जोडकृती आहे. तिथे सम संख्येच्या वर्गातून ती संख्या वजा करायची. ४ वजा २ म्हणजे २, १६ वजा ४ म्हणजे १२, ३६ वजा ६ म्हणजे ३०. गुणत गेलो की २, २४, ७२०. सम घातांचे क्रमगुणित. कोसाइन.

ज्याला विश्वास वाटत नाही त्याने ३० अंशांचा कोन घ्यावा आणि त्रिज्या १ धरावी. कंसाची लांबी ०.५२३५९८८ येते. तिचा घन भागिले ६ म्हणजे ०.०२३९२४६. पाचवा घात भागिले १२० म्हणजे ०.०००३२८०. सातवा घात भागिले ५०४० म्हणजे ०.०००००२१. पहिल्यातून दुसरी संख्या वजा करा, तिसरी मिळवा, चौथी वजा करा. उत्तर ०.५. तीस अंशांचे साइन अर्धे असते हे दहावीतल्या मुलालाही पाठ असते. चार पदांत सहा दशांश स्थळांपर्यंत नेमके उत्तर देणारी ही कृती थाप कशी असेल?

आता चळवळीतल्या आमच्या काही मित्रांशीही थोडा वाद घालतो. त्यांचे म्हणणे असे की हे ज्ञान मुद्दाम कूटभाषेत लपवले होते. कारण ते ‘कटपयादी’ पद्धतीत आहे, जिच्यात प्रत्येक अक्षराला अंक असतो. क, ट, प, य म्हणजे १ आणि तिथून पुढे क्रमाने. साइनच्या श्रेणीच्या सहगुणकांसाठी जे सांकेतिक शब्द वापरले आहेत त्यातला पहिला शब्द आहे ‘विद्वान्’. व म्हणजे ४. द्वा या जोडाक्षरात शेवटचे व्यंजन व, म्हणून पुन्हा ४. शेवटचा न् स्वराशिवाय आहे, त्याला किंमत नाही. एकूण ४४. पाव वर्तुळाचा कंस ५४०० कला धरून श्रेणीतले अकराव्या घाताचे पद काढले तर ते ४४ तत्परा येते. तत्परा म्हणजे कलेच्या साठाव्या भागाचा साठावा भाग. आम्ही आजच्या गणकयंत्रावर हे काढून पाहिले, ४४ च्या किंचित वर येते. म्हणजे त्या एका शब्दात अकरावा घात आणि ११ चे क्रमगुणित सगळे पचवून ठेवलेले आहे.

याला लपवाछपवी म्हणणे चूक आहे. ताडपत्रावर लिहायचे, पाऊस-वाळवीत ते टिकवायचे आणि नाहीतर तोंडपाठ ठेवायचे, अशा जगात आकड्यापेक्षा शब्द जास्त टिकतो. एक आकडा चुकला तर कळत नाही, शब्द चुकला तर छंद मोडतो आणि लगेच कळते. कटपयादी ही स्मरणाची सोय होती. तिचा नियम पाच मिनिटांत शिकता येतो. भिंत होती, पण ती या अक्षरांची नव्हती.

उलट या परंपरेत एक ग्रंथ असा आहे की ज्याच्यासाठी आम्ही तिला मनापासून सलाम करतो. ज्येष्ठदेव नावाच्या गणितज्ञाने साधारण १५३० च्या सुमारास ‘युक्तिभाषा’ लिहिली. ती मल्याळममध्ये आहे, गद्यात आहे, आणि तिच्यात नुसते नियम नाहीत, ते नियम खरे का आहेत याची सिद्धता आहे. युक्ती म्हणजे इथे कारणमीमांसा. ऋषीने सांगितले म्हणून माना असे ती म्हणत नाही, हे असे करून पाहा म्हणते. अमुक ग्रंथात आहे म्हणून खरे, असे शिकवणाऱ्या देशात सोळाव्या शतकातले हे पुस्तक वेगळे उठून दिसते.

त्या सिद्धतेतला गाभा आम्ही आमच्या अभ्यासिकेत चिंचोक्यांनी करून दाखवतो. ६ हा भाजक येतो कुठून? १, मग १ आणि २ मिळून ३, मग १, २, ३ मिळून ६, मग १०. अशा बेरजांच्या राशी करा. आता त्या राशींचीच पुन्हा बेरीज करा: १, ४, १०, २०. दहा राशींची बेरीज २२० येते. दहाचा घन भागिले ६ केले तर सुमारे १६७, म्हणजे बराच फरक. पण शंभर राशी घेतल्या तर बेरीज १,७१,७०० आणि घनाचा सहावा भाग सुमारे १,६६,६६७. हजार घेतल्या तर फरक हजारात तीनवर येतो. राशी जितक्या जास्त तितकी बेरजेची बेरीज घनाच्या सहाव्या भागाला चिकटते. आणखी दोन वेळा बेरजेची बेरीज केली की भाजक १२० होतो. युक्तिभाषेत कंसाचे असेच असंख्य बारीक तुकडे पाडले आहेत. पाठोपाठच्या ज्यांमधले फरक काढले आणि त्या फरकांचे पुन्हा फरक काढले की ते ज्यांच्याच प्रमाणात येतात, हे दाखवले आहे. मग ज्येच्या जागी आधी कंसच धरायचा, त्यातली चूक बेरजांनी काढायची, त्या दुरुस्तीतली चूक पुन्हा बेरजांनी काढायची. प्रत्येक दुरुस्तीतून श्रेणीचे एक पद जन्माला येते. आठवी-नववीतली मुलेमुली चिंचोक्यांपर्यंतचा भाग आरामात पकडतात. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणी संस्कृत बोलले नव्हते, आणि त्यामुळे काही अडत नाही.

तर मग भिंत कुठे होती? माणसांची यादी पाहू. माधव ब्राह्मण. त्याच्या परंपरेतला परमेश्वर नंबूदिरी ब्राह्मण. त्याने पन्नासहून अधिक वर्षे ग्रहणे पाहिली, आणि गणित व आकाश जुळेना तेव्हा १४३१ मध्ये ‘दृग्गणित’ लिहून जुने आकडे दुरुस्त केले. परमेश्वराचा मुलगा दामोदर, दामोदराचा शिष्य नीलकंठ सोमयाजी, ‘तंत्रसंग्रह’ लिहिणारा, जन्म १४४४, गाव तिरूरजवळचे तृक्कंडियूर. दामोदराकडे शिकलेला ज्येष्ठदेवही नंबूदिरीच. भूगोलही छोटा आहे, आजच्या त्रिशूर आणि मलप्पुरम जिल्ह्यांतली काही गावे. शंभर-दोनशे वर्षांची ही साखळी बोटांवर मोजता येतील इतक्या घरांतून गेली.

या यादीत दोन अपवाद आहेत आणि ते सांगितलेच पाहिजेत. शंकर वारियर आणि अच्युत पिषारोटी. वारियर आणि पिषारोटी या अंबलवासी, म्हणजे देवळात हार गुंफणे वगैरे सेवा करणाऱ्या जाती. ब्राह्मण नव्हेत. शंकर वारियरने भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर ‘क्रियाक्रमकरी’ ही टीका लिहिली आणि माधवाच्या श्रेणींबद्दल आपल्याला जे कळते त्यातला मोठा वाटा त्याच्या लेखनातून आला. (भास्कराचार्य आपल्याकडचे. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापन झालेल्या मठाची नोंद आहे. खानदेशापर्यंत ओळखीची असलेली लीलावती केरळात पोचली, तिथे तिच्यावर नवे गणित उभे राहिले. पोथी प्रवास करते, तिला विटाळ होत नाही.) अच्युत पिषारोटी ज्येष्ठदेवाचा शिष्य, आणि त्याचा शिष्य मेल्पत्तूर नारायण भट्टतिरी हा नामांकित नंबूदिरी कवी. ब्राह्मणाने पिषारोट्याला गुरू केले ही गोष्ट लोकांना इतकी विशेष वाटली की तिच्याभोवती आख्यायिका तयार झाली. शिष्याने गुरूचा वातरोग स्वतःवर घेतला आणि मग गुरुवायूरला जाऊन स्तोत्र रचले, अशी. आख्यायिकेचे खरेखोटे बाजूला ठेवू. ती कशाभोवती तयार झाली ते समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला पुरेसे आहे.

म्हणजे भिंतीला एक दार होते. ते देवळाच्या अंगणापर्यंत उघडत होते. त्याच्या बाहेर कोण होते? ईळवा होते, आणि त्यांच्याही खाली पुलया, चेरुमा, परया. केरळातली अस्पृश्यता आपल्याकडच्यापेक्षा वेगळी, अंतराने मोजली जाणारी. कोणत्या जातीने नंबूदिरीपासून किती पावले लांब राहायचे हे ठरलेले. जो माणूस जवळ येऊ शकत नाही तो गुरूसमोर बसणार कसा? युक्तिभाषा मल्याळममध्ये असल्याचे कौतुक करताना हे विसरू नये. भाषा लोकांची झाली, पण अंतर पावलांत मोजले जात राहिले. त्याच सोळाव्या शतकात त्याच तिरूर परिसरात तुंचत्त एळुत्तच्छन याने मल्याळममध्ये रामायण लिहिले. तो ब्राह्मण नव्हता, आणि त्याचे काव्य घराघरांत गेले. काव्याला वाट मिळाली. गणिताला मिळाली नाही.

आणि वेळ? आकाश पाहायला आयुष्यभर वेळ लागतो. नंबूदिरी घराण्यात फक्त थोरला मुलगा स्वजातीत लग्न करून वाड्याचा वारस होई, धाकट्यांना संसाराची जबाबदारी नसे. त्यांच्यातल्या काहींनी ती फुरसत अभ्यासात घातली हे कोणीही मान्य करील. पण ती फुरसत कोण पिकवत होते? ब्रह्मस्व आणि देवस्व जमिनींवर भाताची लावणी करणारे पुलया आणि चेरुमा जमिनीबरोबर विकले जात. ही गुलामगिरी कायद्याने संपायला एकोणिसावे शतक उजाडले: इंग्रजांच्या ताब्यातल्या मलबारमध्ये १८४३ चा कायदा, कोचीनमध्ये १८५४, त्रावणकोरमध्ये १८५५. माधव होऊन चारशे वर्षे लोटली तेव्हा.

यात एक गोष्ट आम्हाला नेहमी खटकते. इतक्या बारीक ज्या हव्या कशाला होत्या? पंचांगासाठी, ग्रहणासाठी, सूर्य कोणत्या नक्षत्रात कधी जातो ते सांगण्यासाठी. केरळात शेतीचे वर्ष ‘ञाट्टुवेला’ नावाच्या २७ भागांत मोजतात, एकेक भाग तेरा-चौदा दिवसांचा, सूर्याच्या नक्षत्रावरून. आपल्याकडे मृगाचा पाऊस आणि हस्ताचा पाऊस म्हणतात तेच. म्हणजे चिखलात वाकून रोप लावणारी चेरुमा बाई रोज त्या गणिताच्या फळावर जगत होती. ती सूर्याचे नक्षत्र ओळखत होती. तिच्या मुलाला त्यामागची श्रेणी ओळखता आली नसती असे मानायला काय आधार आहे? संधी नव्हती, एवढेच.

आता दुसऱ्या ओळखीकडे वळू. हे गणित जगाला कसे कळले? ईस्ट इंडिया कंपनीचा चार्ल्स व्हिश नावाचा अधिकारी मलबारात नोकरीला होता. त्याने मल्याळम शिकून घेतली, पोथ्या जमवल्या आणि त्यातल्या श्लोकांत त्याला युरोपातल्या श्रेणी दिसल्या. त्याने ‘तंत्रसंग्रह’, ‘युक्तिभाषा’, ‘करणपद्धती’ आणि ‘सद्रत्नमाला’ या चार ग्रंथांची नावे घेऊन लेख लिहिला. तो रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८३४ मध्ये आला, तोपर्यंत व्हिश वारला होता. त्याच्याही आधी जॉन वॉरनच्या १८२५ च्या ‘कालसंकलित’ या ग्रंथात या श्रेणींचा उल्लेख आहे, आणि जॉर्ज हाइन या दुसऱ्या इंग्रजाचे मतही आहे. हाइनचे मत असे की हिंदूंना हे स्वतःला सुचणे शक्य नाही, कोणीतरी युरोपीय माणसाने त्यांना सांगितले असणार. समोर पुरावा असूनही ‘या लोकांना हे जमूच शकत नाही’ असे ठरवून टाकणे, हा विचार आपल्या फार ओळखीचा आहे. गुणवत्ता जन्मावर ठरवणारी माणसे आपल्यालाही हेच सांगत आली. म्हणून हाइन आम्हाला जितका चुकीचा वाटतो तितकाच, माधवाला निव्वळ ब्राह्मण होता म्हणून उडवून लावणारा आमचा मित्रही चुकीचा वाटतो. गणित कोणी केले यावरून ते खरे की खोटे हे ठरत नाही.

व्हिशच्या लेखानंतर शंभर वर्षे जवळपास शांतता. मग १९४४ मध्ये के. मुकुंद मारार आणि सी. टी. राजगोपाल यांनी हा विषय पुन्हा उघडला, आणि तो लेख छापला गेला आपल्या मुंबईत, रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात. युक्तिभाषेचा गणिताचा भाग टिपणांसह त्रिशूरहून १९४८ साली छापून आला. इंग्रजी भाषांतर पूर्ण व्हायला २००८ उजाडले. ज्यांना पूर्वजांचा इतका अभिमान, त्यांच्या हातातच तर पोथ्या होत्या. मग त्या वाचकांपर्यंत पोचायला इतका वेळ का लागला?

कॅल्क्युलसच्या दाव्याबद्दलही स्पष्ट बोलू. साइन, कोसाइन आणि स्पर्शज्येवरून कंस काढण्याची श्रेणी, या तिन्ही केरळात युरोपच्या आधी होत्या. न्यूटनचा साइनच्या श्रेणीचा उल्लेख १६६९ च्या लेखनात आहे, ग्रेगरीचे पत्र १६७१ चे. व्यास ९ वर अकरा शून्ये असेल तर परीघ २८२७४३३३८८२३३, हा माधवाच्या नावे सांगितलेला आकडा आहे. भागून पाहा, ३.१४१५९२६५३५९ येते. पण न्यूटनच्या हातात कोणत्याही वक्राला चालणारी पद्धत होती. साइनची श्रेणीसुद्धा त्याने उलट्या वाटेने, साइनवरून कंस देणारी श्रेणी उलटी फिरवून काढली. केरळात वर्तुळ होते, आणि वर्तुळापुरते गणित होते. त्याला कॅल्क्युलस म्हणणे म्हणजे खऱ्या सोन्यावर सोनेरी मुलामा देणे. जेझुइट पाद्र्यांमार्फत हे ज्ञान केरळातून युरोपात गेले असा एक तर्कही मांडला जातो. तो मांडणाऱ्यांना अजून तसा कागद दाखवता आलेला नाही.

साइनच्या श्रेणीची सर्वात सुंदर ओळख पटली ती १७४८ मध्ये, ऑयलरच्या ग्रंथात. साइनची विषम पदे आणि कोसाइनची सम पदे एकमेकांत ओवली, चिन्हे बाजूला ठेवली, तर तयार होते ती चक्रवाढीच्या मुळाशी असलेल्या घातांकी फलनाची श्रेणी. १, क्ष, क्षवर्ग भागिले २, क्षघन भागिले ६, असे पुढे. वर्तुळ आणि वाढ हे एकाच धाग्याचे निघाले. ६, १२० आणि २, २४ हे भाजक केरळात शेजारी शेजारी मांडलेले होतेच. ते जोडायला चिन्हांची भाषा हवी होती, ऋण संख्येच्या वर्गमुळाशी दोन हात करायची तयारी हवी होती, आणि आम्हाला वाटते, वेगवेगळ्या धंद्यांतून आलेली पुष्कळ डोकी हवी होती. त्याच १७४८ साली मारिया आग्नेसी या बाईने इटालियन भाषेत कॅल्क्युलसचे पाठ्यपुस्तक छापले. युरोप तेव्हा समतेचे माहेरघर नव्हता. केंब्रिजमध्ये बायकांना शिकता येत नव्हते, आणि न्यूटननेही आपली हस्तलिखिते वर्षानुवर्षे मोजक्याच हातांत फिरू दिली. पण छापखाना होता. पुस्तक विकत घेणाऱ्याची जात विचारली जात नव्हती. न्यूटन मेला तरी गणित वाढत राहिले, कारण ते वाढवायला कोण येईल हे कोणाच्या घराण्यावर ठरत नव्हते.

केरळात काय झाले? अच्युत पिषारोटी १६२१ च्या सुमारास गेला. त्यानंतर ग्रंथ लिहिले गेले, पण ते बहुतेक आधीचे जपणारे. ‘सद्रत्नमाला’ कडत्तनाडच्या राजघराण्यातल्या शंकर वर्माने १८१९ मध्ये लिहिली, आणि चारशे वर्षांनंतरही श्रेणी तीच होती. पोर्तुगीज, डच, लढाया, राजवटींची पडझड ही कारणे इतिहासकार देतात आणि ती खोटी नाहीत. पण ज्या विद्येला वारस निवडायची मुभा फक्त चार-दोन जातींत आहे, तिला एका वाईट शतकाचा धक्काही पुरतो. तीनशे घरांतून हुशार पोर शोधणे आणि तीन लाख घरांतून शोधणे यात फरक पडणारच. हे सांगायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, त्याच मल्याळी मुलुखाच्या दक्षिण टोकाला त्रावणकोरात, अय्यंकाली पुलया मुलांना शाळेत घ्या म्हणून लढत होते. १९०७ मध्ये त्यांनी साधुजन परिपालन संघ काढला. सरकारी हुकूम निघाला तरी शाळा मुलांना आत घेईनात, तेव्हा पुलया शेतमजुरांनी भातशेतीवर काम बंद केले. आमची मुले शाळेत नाहीत तर तुमच्या शेतात रोप नाही. पंचमी नावाच्या मुलीला घेऊन अय्यंकाली ऊरूट्टंबलमच्या शाळेत गेले, तेव्हा तिच्या पायांनी विटाळलेली ती शाळाच सवर्णांनी पेटवून दिली.

भारतीय ज्ञान प्रणालीच्या अभ्यासक्रमात माधवाचा धडा जरूर ठेवा. श्लोक पाठ करून घेण्याऐवजी युक्तिभाषेतली सिद्धता शिकवा, मराठीत शिकवा, चिंचोके घेऊन शिकवा. आणि त्याच धड्यात, त्याच पानावर, ऊरूट्टंबलमची ती जळालेली शाळाही असू द्या. ती शाळा माधवाच्या गावापासून दोन-अडीचशे किलोमीटरवर आहे, आणि तीही भारतीय ज्ञान प्रणालीच आहे.